आखाजीनंतरची यादी

पहाटे ५.३०

आमच्या लिंबायतमध्ये नळ गेला की सकाळ झाली असं समजायचं. दोन पिंपं, माठ, बादल्या भरून झाल्या की मी चहा ठेवते आणि फोन बघते. आज रात्रीतून तीन मिस कॉल. आमच्या कामात मिस कॉलसुद्धा वाचायला शिकावा लागतो. रात्री साडेअकराचा, एका रिंगमध्ये कापलेला, म्हणजे बोलायचं होतं पण घरातलं कुणीतरी उठलं. पहाटे चारचा, म्हणजे माणूस रातपाळीला आहे आणि धागा तुटून मशीन पाच मिनिटं बंद पडलंय. तिसरा नंबर ओळखीचा नाही. मी कुणालाच लगेच उलटा फोन करत नाही. फोन कुणाच्या हातात असेल, सांगता येत नाही.

माझे वडील अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेला आले आणि लूमवर लागले. आमच्या गल्लीत अजून अर्ध्या घरांत अहिराणी चालते. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकले, पुढचं गुजरातीत. २००६ पासून एचआयव्हीच्या कामात आहे, आता एका सरकारी एआरटी केंद्रात समुपदेशक. एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, ज्या जन्मभर घ्यायच्या असतात. गुजराती माणसं मला बेन म्हणतात, खानदेशी ताई म्हणतात, गंजामकडचे ओडिया दीदी. कोणतं केंद्र ते सांगत नाही. माझी ओळख लपवायची नाही, पण आमच्या रांगेत उभं राहणाऱ्यांची लपवायची आहे.

सकाळी ७

उधन्याला पाळी बदलायची वेळ. बारा तासांची रात्र करून माणसं खात्यातून बाहेर पडतात. इकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. केसांवर धाग्याची पांढरी पूड बसलेली, आणि कानात अजून मशीनचा खडखडाट असल्यामुळे सगळे ओरडून बोलतात. चहाच्या लारीपाशी उभं राहिलं तर भांडण चाललंय असं वाटतं.

त्या गर्दीत आज एकजण दिसला. मागच्या महिन्यात माझ्यासमोर बसून तासभर रडला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि मी रिक्षावाल्याला भाडं विचारायला वळले. रस्त्यात मी कुणाला ओळख दाखवत नाही. त्यानं हाक मारली तर हसून बोलेन, पण पहिली हाक त्याची. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. एकदा बाजारात एका बाईला "काय, बरी आहेस ना?" म्हटलं, तर शेजारी उभ्या तिच्या जावेनं विचारलं, "ह्या कोण?" बाईचा चेहरा बघितला आणि तेव्हापासून सवय सोडली.

८.४५

केंद्राचं कुलूप उघडायच्या आधीच बाकडी भरलेली असतात. टोकन नऊला सुरू होतं. त्याआधीच्या पंधरा मिनिटांत मी यादी काढते.

यादी म्हणजे ज्यांची गोळ्या न्यायची तारीख उलटून गेली त्यांची. सगळं आता 'सोच' नावाच्या सरकारी पोर्टलवर असतं. तारीख चुकली की नाव 'मिस'मध्ये येतं, तीन महिने उलटले की 'एलएफयू'त जातं. एलएफयू म्हणजे संपर्क तुटलेला. आमच्यात हे क्रियापदच झालंय. "तो एलएफयू झाला का गं?" असं आम्ही इतक्या सहज म्हणतो की कधी कधी मलाच लाज वाटते.

आज यादी लांब आहे, आणि तशी असणार हे मला माहीत होतं. आखाजी होऊन पंधरा दिवस झालेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला अक्षय तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस, पण खानदेशात आखाजी दिवाळीच्या तोडीची. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्यातच लग्नसराई. लिंबायत, डिंडोली, गोडादरा निम्मं रिकामं होतं आणि उधन्याहून सुटणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. गोळ्या घेऊन गेलेला माणूस आठ दिवसांसाठी जातो आणि महिनाभर राहतो.

पोर्टलवर नाव आहे, तारीख आहे, किती दिवस उलटले तेही आहे. 'का आला नाही' याला मात्र माझ्या मनासारखी जागा नाही. म्हणून मी माझ्या जाड वहीत पेन्सिलनं एक रकाना आखून घेतलाय. नाव लिहीत नाही, फक्त कारण. 'शेठनं सोडलं नाही.' 'भाचीचं लग्न.' 'नवऱ्याला कळेल.' 'पाऊण दिवसाचा पगार जातो.' 'बरं वाटतंय, मग कशाला.' 'बाटली वाजते.' याला अभ्यास म्हणण्याइतकी मी मोठी नाही, पण साहेब लोक मीटिंगला बसले की माझी वही मागून घेतात, एवढं खरं.

९.३०

खिडकी उघडली. पुढचे दोन तास हातघाईचे. वजन, मग क्षयाचे चार प्रश्न: खोकला, ताप, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. एकाचंही उत्तर हो आलं तर थुंकीची तपासणी. एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षय फार लवकर गाठतो, म्हणून हे चार प्रश्न दर भेटीला, कितीही घाई असली तरी.

रांगेत एक काका आहेत, आमचे सर्वांत जुने. मफत गोळ्या देशात १ एप्रिल २००४ ला सुरू झाल्या. त्यानंतर पहिल्या काही वर्षांत ज्यांनी सुरुवात केली, त्यांतले. त्या वेळी स्टॅव्ह्युडिन नावाचं औषध होतं. जीव वाचवायचं, पण हातापायांची आणि चेहऱ्याची चरबी झडून जायची. गालफडं आत, कपाळाच्या दोन्ही बाजू खोल. खेड्यात लोक रिपोर्ट वाचत नाहीत, चेहरे वाचतात. गोळी घेणारा माणूस गोळीनंच ओळखू यायचा. जगभरच्या निरीक्षणांतून ते औषध पुढे मागे पडलं आणि बंद झालं. काकांचे गाल मात्र परत आले नाहीत. त्यांनी दाढी वाढवली. आज म्हणाले, "बेन, हवे तो बधा दाढी राखे छे, फॅशन थई गई."

१०.१५

पांडेसऱ्याच्या एका खात्यात काम करणारा, पस्तिशीचा, बऱ्हाणपूरकडचा. दोन वर्षं रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली, आणि आता रिपोर्ट हजाराच्या वर. देशभर ही व्हायरल लोडची तपासणी सगळ्यांसाठी सुरू झाली २०१८ मध्ये. त्याआधी आम्ही वजन, चेहरा आणि सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची मोजणी, बघून अंदाज करायचो. तोवर शरीरात काय बिघडायचं ते बिघडलेलं असायचं.

रिपोर्ट वाढला की सगळ्यांचा पहिला संशय एकच: गोळ्या चुकवतोस. मी पण तसंच धरायचे. हा शपथा घालतोय, बाटली मोजली तर गोळ्या बरोबर. मग मी त्याला म्हटलं, तुझा कालचा दिवस सांग, मिनिटामिनिटानं सांग.

संध्याकाळी सातला पाळी. मध्यरात्री डबा. तीनला चहा. चारला पोटात जळजळ, मग ॲसिडिटीची चघळायची गोळी, एक नाही, दोन. सकाळी सातला सुटला, खोलीवर आला, पुन्हा जळजळ म्हणून पुन्हा एक, आणि तिच्याबरोबरच आमची गोळी. झोपायच्या आधी घ्यायची सवय, म्हणून.

इथे अडकलं होतं. आत्ताची आमची गोळी टीएलडी, तीन औषधं एकत्र, त्यातलं मुख्य डॉल्युटेग्राविर. ॲसिडिटीच्या गोळीत ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं. हे धातू पोटात डॉल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट पोचतच नाही. आमची गोळी आधी घ्यायची आणि ॲसिडिटीची त्यानंतर दोन तासांनी, किंवा उलट क्रम असेल तर मध्ये सहा तास. हे सगळं मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेलं आहे, मला पाठ आहे. पण मी त्याला कधी विचारलंच नव्हतं की जळजळ होते का. मी विचारायचे "दुसरं काही औषध घेतोस?" आणि तो म्हणायचा "नाही". चघळायच्या गोळीला तो औषध समजतच नाही. ती पानाच्या गल्ल्यावर मिळते.

त्याला घड्याळ काढून दाखवलं. संध्याकाळी पाळीला निघायच्या आधी, पावणेसातला, आमची गोळी. त्यानंतर चार वाजता काय चघळायचं ते चघळ. तीन महिने दर महिन्याला माझ्यासमोर बसायचं, मग पुन्हा रक्त. डॉक्टरांनी जळजळीचं वेगळं बघितलं.

आधीची गोळी असती तर ही वेळच जमली नसती. टीएलडी आपल्याकडे साधारण २०२० पासून आली. त्याआधीच्या टीएलईमध्ये एफाव्हिरेन्झ होतं. ती घेतली की डोकं गरगरायचं, भलती स्वप्नं पडायची, म्हणून सांगायचं, रात्री झोपताना घ्या. सुरतेत हे कुणाला सांगायचं? इथे अर्धं शहर रात्री जागं असतं. एकजण मला म्हणाला होता, "ताई, गोळी घेऊन लूमवर उभा राहिलो तर हात जाईल, आणि नाही घेतली तर जीव." मी त्याला म्हटलं, सकाळी घे, झोपायच्या आधी. तो घ्यायचा, पण आठवडाभर दिवसपाळी आली की सगळं उलटंपालटं. डॉल्युटेग्राविर विषाणूला लवकर आवरतं, हे प्रयोगांनी दाखवलं आणि जगानं ते उचललं. आमच्याकडे त्याची मोठी कमाई वेगळीच निघाली. ती गोळी पाळी विचारत नाही.

११.३०

नंदुरबारकडचं जोडपं. तो पॉझिटिव्ह, ती निगेटिव्ह. लग्नाला चार वर्षं, मूल हवंय. दोन खुर्च्या असताना ती अर्ध्या खुर्चीच्या कडेवर बसलेली.

अशा वेळी मी भोसरीची गोष्ट सांगते. पुण्याला भोसरीत १९९२ साली एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, लोक तिला नारी म्हणतात. एक मोठा प्रयोग नऊ देशांत झाला, त्यात आपल्याकडची दोन ठिकाणं होती, पुण्याची हीच संस्था आणि चेन्नई. प्रयोगाचं नाव एचपीटीएन ०५२. एकूण १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. अगदी यांच्यासारखी. निम्म्यांना लगेच गोळ्या सुरू केल्या, निम्म्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे सीडी४ उतरल्यावर. २०११ मध्ये निकाल इतका स्पष्ट आला की ठरल्या वेळेआधीच जाहीर करावा लागला: लवकर गोळ्या घेणाऱ्यांकडून जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी झालं. पुढची काही वर्षं त्यांना बघत राहिले, तेव्हा ज्याच्या रक्तात विषाणू दबलेलाच राहिला, त्याच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

मी हे त्यांना अहिराणीत सांगते. आकडे त्यांना लागत नाहीत, 'पुण्यानी माणसं' लागतात. आपल्यासारखीच जोडपी, आपल्यासारखीच भाकरी खाणारी, तिथे जाऊन बसली आणि रक्त देत राहिली. बाई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकली. मग विचारलं, "म्हंजे माले व्हवाव नही?" मी म्हटलं, यांचा रिपोर्ट दबलेला आहे, तो तसाच राहिला तर नाही. तिची तपासणी दर सहा महिन्यांनी चालू ठेवायची. डॉक्टरांशी बोलून मग मुलाचं ठरवायचं.

ते गेले. मी दोन मिनिटं दार लावून बसले. दर वेळी हे होतं, कारण ही गोष्ट सांगताना मला माझीच जुनी वाक्यं ऐकू येतात.

मी कामाला लागले तेव्हा नियम असा होता की सीडी४ दोनशेच्या खाली गेला तरच गोळ्या. पुढे साडेतीनशे झाला, मग पाचशे. तोवर आलेल्या प्रत्येकाला मी हसत हसत सांगायचे, "अभिनंदन, तुमच्या पेशी चांगल्या आहेत, अजून गोळ्या नकोत. सहा महिन्यांनी या." मला वाटायचं मी चांगली बातमी देतेय. कितीतरी जण परत आलेच नाहीत. का यावं? बेननंच सांगितलं होतं, बरं आहे. काही जण आले ते थेट वॉर्डात, स्ट्रेचरवर, आणि मधल्या काळात कुणाच्या बायकोला लागण झालेली.

नियम खोटा नव्हता. त्या वेळी जगाला तेवढंच माहीत होतं, गोळ्याही मोजक्या होत्या, आणि जुनी औषधं त्रासाची. २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या प्रयोगाचा निकाल आला, ३५ देशांतली ४,६८५ माणसं. सीडी४ चांगला असतानाच गोळ्या सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. २०१७ मध्ये आपल्याकडे परिपत्रक आलं: रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी४ कितीही असो, गोळ्या सुरू. दीड पानाचा कागद होता. मी तो वाचला आणि जुनं रजिस्टर काढलं, 'सहा महिन्यांनी या' म्हटलेल्यांचं. फोन लावत सुटले. बहुतेक नंबर बदललेले. एक नंबर लागला, मुलानं उचलला, म्हणाला, "पप्पा गेले ना, दोन वर्षं झाली. तुम्ही कोण?" मी म्हटलं, राँग नंबर.

१.३०

डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, शेजारच्या टेबलावरून आलेलं ढोकळ्याचं एक ताट. फार्मासिस्ट बेन रोज एकच विनोद सांगते आणि आम्ही रोज हसतो.

२.१५

नवी मुलगी रुजू झालीय, समाजकार्य शिकून आलेली, हुशार. तिला वाटतं सगळं इंटरनेटवर आहे. मी तिला म्हटलं, तुझ्या सुरतेचं तुला माहीत आहे का?

२००० साली सुरतेच्या वेश्यावस्तीत इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आरोग्य शिबिर घेतलं. बायकांना बोलावून, विश्वासात घेऊन, रक्त आणि नमुने तपासले. २००३ मध्ये ते एका ब्रिटिश नियतकालिकात छापून आलं. शंभरातल्या चाळिसांहून अधिक बायकांना एचआयव्ही होता. आणि निम्म्याहून जास्त बायकांना गुप्तरोगाचं कसलंही लक्षण जाणवत नव्हतं. त्या काळी सगळीकडे पद्धत अशी की लक्षण विचारायचं आणि त्यावरून औषध द्यायचं. जिला त्रासच नाही ती येणार कशाला, आणि आली तरी तिला देणार काय? आपल्याच शहरातल्या तपासणीनं दाखवून दिलं की नुसतं दारात बसून "काय होतंय?" विचारल्यानं भागणार नाही, त्रास नसलेल्यांनाही नियमानं तपासावं लागेल.

मुलीनं विचारलं, "आता त्या बायका कुठे आहेत?" ती वस्ती त्या रूपात उरली नाही. धंदा फोनवर गेला. आता नकाशा काढायचा तर कुठल्या गल्लीचा काढायचा? तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रतिबंधाची सहा महिन्यांतून एकदा घ्यायची सुई, लेनाकापाविर, हिचं तिनं वाचलं होतं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या प्रयोगात ही सुई घेतलेल्या दोन हजारांवर तरुण बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. तिचे डोळे चमकत होते. माझेही चमकले असते, पण माझ्या डोक्यात यादी होती. सुई आली तरी ती टोचून घ्यायला बाई सापडायला हवी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सापडायला हवी.

४.३०

आठवड्यातून एकदा मी आउटरीचच्या दादाबरोबर पांडेसऱ्याला जाते. माझ्या कामात हे लिहिलेलं नाही, पण केंद्रात बसून सुरत दिसत नाही.

ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातले लूम कामगार मेसमध्ये राहतात. मेस म्हणजे एक लांब खोली, एका टोकाला चूल, जमिनीवर ओळीनं अंथरुणं. एका अंथरुणाचे दोन मालक: दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला तिथेच आडवा होतो. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीतला एक खिळा. त्या खिळ्यावर पिशवी, पिशवीत त्याचा सगळा संसार. दारावर जगन्नाथाचा फोटो, आत पंख्याचा आणि घोरण्याचा आवाज. आम्ही तिथे शुगर-बीपीचं शिबिर म्हणून बसतो. त्यातच ज्याला हवी त्याची बोटातून रक्त घेऊन एचआयव्हीची प्राथमिक तपासणी, पण आधी बाजूला नेऊन, समजावून, त्याचा होकार घेऊन. २०१७ चा कायदा आहे: संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही. इथे त्यात गंमत एवढीच की 'बाजूला' जागाच नसते. आम्ही जिन्यात उभे राहतो.

'बाटली वाजते' हे कारण मला इथेच मिळालं. आमच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत येतात, तीस गोळ्या. पिशवी खिळ्यावरून काढली की खुळखुळ आवाज होतो. दिवसाचा एकच वाजणारा आवाज, रोज, एकाच माणसाच्या पिशवीतून. चौथ्या दिवशी शेजारचा विचारतो, "कसली गोळी रे?" मग ही माणसं काय करतात, तर बाटली रस्त्यात फेकतात आणि गोळ्या कागदाच्या पुडीत बांधतात. सुरतेचा दमटपणा, त्यात चुलीची वाफ. बाटलीतली ओल शोषणारी पुडीही गेली. पावसाळ्यात एकानं मला पुडी दाखवली, गोळ्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. गोळ्या मोजल्या तर बरोबर, पण घेणार कशा?

मी फार काही केलं नाही. आता बाटली देताना मी झाकणाखाली कापसाचा बोळा घालून हलवून दाखवते: वाजतंय का? लेबल काढायचं असेल तर माझ्यासमोर काढा, मी गरम पाण्यात बुडवून देते. हे कुठल्या प्रयोगात नाही. पण औषध ते, मात्रा ती, आणि तरी दोन शहरांत निकाल वेगळा का, हे विचारायला निघालं तर शेवटी या खिळ्यापाशी यावं लागतं.

एकजण कोपऱ्यातून उठला, शुगर तपासायच्या निमित्तानं माझ्यासमोर बसला. आमच्याकडचाच. "भल अछन्ति, दीदी?" एवढंच बोलला. माझं ओडिया पण तेवढंच. शुगर ठीक निघाली.

संध्या. ७.१०

घरी. कुकर लावून यादी घेऊन बसते. सरकारी वेळ संपलीय, पण लूमवाल्याला फोन लागतो तो याच वेळेला. सासूबाई आतून विचारतात, "बीपीची गोळी घेतलीस का?" माझी पट्टी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी पडलेली असते, आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर. तरी मी विसरते.

सहावा फोन लागला. खानदेशातल्या एका गावचा, डिंडोलीत राहणारा, एकवीस दिवस उलटलेले.

"कथा शे रे भाऊ?"

"मी गावले जायेल व्हतू ताई. भाचीनं लगीन व्हतं. मंग मायले बरं नव्हतं."

"आणि गोळ्या?"

गप्प. मी म्हटलं, धुळ्याला, जळगावला केंद्रं आहेत, तिथे दाखव, पंधरा दिवसांच्या तरी देतील. तो हसला. तिथल्या दवाखान्यात त्याचा चुलतभाऊ वॉर्डबॉय आहे. जिल्ह्याच्या गावी मरणसुद्धा ओळखीच्या माणसासमोर होतं, असं काहीसं म्हणाला. सुरतेत तो बरा, कारण सुरतेत त्याला कुणी ओळखत नाही.

वहीत मी याचं कारण काय लिहू? 'लग्न' लिहिलं तर खोटं, 'भीती' लिहिलं तर अर्धंच. मी 'चुलतभाऊ' लिहिलं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा आम्ही घाईघाईनं तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला लागलो. त्याआधी महिन्याला एक बाटली, हा आमचा हट्ट. माणूस डोळ्यांसमोर राहिला पाहिजे म्हणायचो. तीन महिन्यांच्या दिल्या तर विकेल, हरवेल, घेणारच नाही, अशी सगळ्यांना धास्ती. तिकडे मलावी आणि झांबियात सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या देऊन रीतसर प्रयोग झाला होता, आणि जास्त गोळ्या नेणारे उपचारात टिकून राहण्यात कमी पडले नाहीत, उलट थोडे पुढेच होते. त्या उन्हाळ्यात सुरतेहून लाखो माणसं गावाकडे निघाली, काही रेल्वेनं, काही चालत. ज्यांच्या पिशवीत तीन बाटल्या होत्या, त्यांच्या बाबतीत मला रात्री झोप लागायची. ज्यांची तारीख लॉकडाऊनच्या दुसऱ्या दिवशी होती, त्यांचे फोन मी आजही विसरले नाही.

आखाजीच्या आधी ज्यांचा रिपोर्ट दबलेला आहे त्यांना मागेपुढे न बघता तीन बाटल्या द्याव्यात, दिवाळीसारख्याच, हे मी मागच्या मीटिंगला मांडलं. साहेब गुजराती, त्यांना आखाजी म्हणजे अखात्रीज, सोनं घ्यायचा दिवस. म्हणाले, "त्यात लोक गावी जातात?" मी वही उघडून ठेवली. त्यांनी बराच वेळ पानं उलटली आणि कॅलेंडरवर पेनानं गोल केला. पुढच्या वर्षी बघू.

९.२०

जेवणं झाली. फोन वाजला, पूर्ण वाजला, कापला नाही. तोच, एकवीस दिवसवाला. मागे गाडीचा आवाज, फेरीवाल्याची हाळी.

"ताई, मी निंघनू. नंदुरबारले गाडी उभी शे."

"आत्ता? रात्रीचा?"

"सकाळी उधन्याले उतरसू. दुपारनी गाडी परत धरनी पडी, माय एकली शे."

म्हणजे त्याला नऊच्या टोकनमध्ये बसवलं तर रांगेत अकरा वाजणार, डॉक्टर, वजन, रक्त, फार्मसी, आणि त्याची परतीची गाडी जाणार. मग तो पुढच्या वेळी येणार नाही. मी म्हटलं, साडेआठला मागच्या गेटला ये, शिपायाला माझं नाव सांग. रात्री काही खाऊन घे. आणि जुनी बाटली असेल तर आण.

"बाटली नही शे, ताई. पुडी शे."

मी उठून उद्याच्या पिशवीत कापसाचा गुंडा टाकला.